सत्यप्रत आणि सूर

महसूल खात्यातील नोकरीत आमच्या हातून किती नकलांवर सह्या झाल्या असतील, याची गणती आज करता येणार नाही. खसऱ्याची नक्कल, नामांतरणाच्या आदेशाची नक्कल, वाटणीपत्राची नक्कल. मूळ कागद दप्तरात राहतो आणि पक्षकार नक्कल घेऊन घरी जातो. अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली, कोणी उतरवली आणि कोणी ताडून पाहिली, हे सारे त्या कागदावर नोंदलेले असते; आणि शेवटी शिक्का असतो, ‘सत्य प्रतिलिपि’. हा शब्दप्रयोग विचार करू लागले की मोठा चमत्कारिक वाटतो. प्रत आहे, म्हणजे मूळ नाही. तरीही ती सत्य आहे. न्यायालयात तिला मान असतो. केवळ मुळासारखी दिसते म्हणून तिला हा मान मिळाला असता, तर हुबेहूब बनावट कागदालाही तो मिळाला असता. ‘मी प्रत आहे, आणि मला अमक्याने ताडून पाहिले आहे’ हे ती स्वतःच्या अंगावर लिहून वावरते, म्हणून तिला मान.

इतकी वर्षे हा शिक्का मारीत असता त्याचा अर्थ आपणांस कळला आहे, अशी आमची समजूत होती. निवृत्तीनंतर एका तंबोऱ्याने ती खोटी ठरवली.

देपालपुरातील आमचा वाडा बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल. पण तशा तऱ्हेचा वाडा प्रत्येकाच्या आठवणीत असेलच. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेली घराणी, इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचे हे परगण्याचे गाव, जवळच बनेडियाचा विस्तीर्ण तलाव, घरात देवघर आणि देवघरात दत्ताची तसबीर. आमच्या आजोबांनी तरुणपणी मिरजेहून एक तंबोरा आणला होता. मिरजेच्या कारागिरांचा इतिहास सांगावयास नको. मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवू लागले, आणि हिंदुस्थानभरच्या गवयांच्या मागे त्यांचे तंबोरे उभे राहिले. आजोबा गवई नव्हते. दत्तजयंतीच्या रात्री भजनाला सूर असावा, एवढ्याचसाठी तो तंबोरा घरात आला. तेव्हापासून मार्गशीर्ष पौर्णिमेला इंदूर, देवास, धार येथील आप्तमंडळी जमतात, आणि त्या एका रात्रीपुरती तंबोऱ्याची गवसणी निघते.

२०२३ च्या दत्तजयंतीच्या चार दिवस आधी आम्ही गवसणी काढली, तर भोपळ्याला देठापासून खाली वीतभर भेग गेलेली. तारा ताणल्या की भेग रुंदावे. दुरुस्तीला वेळ नव्हता, आणि हे काम गावातल्या सुताराचे नव्हे. इंदूरहून आमचा नातू सुट्टीला आला होता. वय वर्षे पंधरा. तो म्हणाला, “आजोबा, मी सूर बनवून देतो.” आम्हांस वाटले, कळ दाबताच तंबोरा वाजू लागतो अशी तयार साधने आता फोनवरही मिळतात, त्यांतले एखादे तो लावून देणार. पण त्याने मांडले ते निराळेच होते, आणि त्याची थोडी फोड केल्यावाचून पुढचा प्रश्न उभा राहणार नाही.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली विजेवर ध्वनी निर्माण करणारे एक यंत्र बनवले. ते एकसंध नव्हते. कंपने उत्पन्न करणारा एक घटक, त्यातील तीव्र अंश गाळणारा दुसरा, आवाजाचा चढउतार ठरवणारा तिसरा, असे सुटे घटक होते; वाजवणाऱ्याने ते तारांनी आपल्या इच्छेप्रमाणे जोडावयाचे. तार जोडल्यावाचून यंत्र मुके. पाटबंधाऱ्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना चटकन् समजेल: तलाव आहे, पाट आहेत, दारे आहेत, पण पाणी कोणत्या शेतात जाणार, हे दार उघडणारा ठरवतो. तेव्हा हे सारे भिंतभर कपाटात मावत असे. आज ते टॅबच्या काचेवर चित्ररूपाने येते. नातवाच्या टॅबवर ‘मिरॅक’ नावाचे असे एक साधन आहे. त्यात बोटाने ओढून तारा जोडता येतात.

त्याने मांडलेला हिशेब आम्ही त्याच्या वहीत पाहिला. यंत्र एका सेकंदात ध्वनीचे ४४,१०० नमुने घेते. एक क्षणभराचा निव्वळ खरखराट घ्यावयाचा आणि तो एका वळशात फिरवत ठेवावयाचा. दर फेरीला त्यातला कर्कशपणा थोडा गाळावयाचा. १९८३ साली कार्प्लस आणि स्ट्राँग या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ही युक्ती. तिच्यातून छेडलेल्या तारेसारखा ध्वनी निघतो. वळसा ३०० नमुन्यांचा ठेवला, तर सेकंदाला १४७ कंपनांचा, म्हणजे जवळजवळ पांढरी दोनचा षड्ज मिळतो. ही जोडाची तार. वळसा ४०० नमुन्यांचा केला की मंद्र पंचम. ६०० चा केला की खर्ज. तीन, चार, सहा. तारेच्या लांबीची जी प्रमाणे आपल्या पूर्वजांनी वीणेवर ओळखली, तीच येथे निघाली. गाळणीमुळे सूर किंचित उतरत होता, तो नातवाने कानाने लावून घेतला. जोडाच्या दोन तारांत त्याने मुद्दाम केसभर अंतर ठेवले, म्हणजे आवाजाला संथ लाट येते. दर छेडीला गाळणीचे दार उघडे आणि सावकाश मिटत जाई, त्यामुळे एकामागून एक उपस्वर वर येत. ही झाली जवारीची जागा.

शेवटी त्याने आम्हांस फुटक्या तंबोऱ्यापाशी बसवले आणि ढिल्या तारांवरच बोटे फिरवायला सांगितले. कोणत्या तारेनंतर हात किती रेंगाळतो, हे तो घड्याळावर पाहत होता. पंचमानंतर आम्ही किंचित थांबतो, आणि खर्जावरून परत येताना घाई करतो, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. ती अनियमितता त्याने आपल्या जोडणीत उतरवली. दोन रात्री जागून त्याने हे काम केले.

आता आमचा अपराध. टॅब आणि त्याला जोडलेला लहान ध्वनिवर्धक आम्ही देवघराच्या कोनाड्यात, फुलांच्या परडीमागे ठेवला. हेतू फसवण्याचा नव्हता. देवापुढे यंत्र दिसू नये, एवढेच मनात होते. मग तंबोरा शोभेसाठी बाहेर घेतला. मग त्याच्यामागे कोणी बसलेले नाही हे बरे दिसेना, म्हणून आम्ही बसलो. मग रिकामे बसणे विचित्र वाटले, म्हणून तारांखाली फडके सारून बोटे फिरवू लागलो. खोटेपणा असाच पायरीपायरीने येतो. एकही पायरी उंच नसते.

भजन उत्तम झाले. गाणारे चुलतबंधू सारे जाणून होते. ते गालांत हसले. आरती झाल्यावर धारच्या आत्या पुढे आल्या. वडिलांच्या या चुलतबहिणीचे बालपण याच वाड्यात गेले. वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी अधू. त्यांनी तंबोऱ्याच्या दांडीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, “काकांच्या वेळचाच सूर आहे रे. इतक्या वर्षांत काही बदललं नाही.” आणि आम्ही काय केले? वाकून नमस्कार केला. एक शब्दही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता नातू म्हणाला, “आजोबा, आजी तंबोऱ्याला वाहवा देत होत्या. तुम्ही सांगितलं का नाही?” स्वरात राग नव्हता, म्हणूनच उत्तर देणे कठीण गेले. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही मनाशी जी उत्तरे तयार केली, ती येथे क्रमाने तपासून पाहू. कारण आमच्या मते प्रश्न एका घरापुरता नाही.

पहिले उत्तर असे: सूर तो सूर, तो लाकडातून आला की काचेतून, याला महत्त्व काय? हे उत्तर दिसते तितके उथळ नाही. तंबोरा हेही शेवटी एक यंत्रच आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली त्याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो ते उमटू नयेत, असा सर्वसाधारण नियम. पण तंबोऱ्याच्या रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीमुळे तो नियम मोडतो आणि तेही उपस्वर ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. घोडी आणि तिच्यावरचे सूत ही एका अनाम कारागिराची विलक्षण हिकमत आहे. एका हिकमतीला पवित्र आणि दुसरीला अपवित्र म्हणण्याला आधार कोणता? हार्मोनियमही परकीय यंत्र म्हणून १९४० साली आकाशवाणीवरून हद्दपार झाला आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. परंतु गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याला मराठी मैफलीत जे स्थान मिळवून दिले, ते बंदीने गेले नाही. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवरचा तंबोरा बनवला, आणि आज तो नाही असा रियाज करणारा विरळा. तेव्हा काचेतून आलेला सूर खोटा, असे आम्ही म्हणणार नाही.

पण या उदाहरणांतच आमच्या उत्तराचे खंडन दडलेले आहे. हार्मोनियम गवयाच्या शेजारी उघड बसतो. विजेचा तंबोरा रंगमंचावर सर्वांसमोर ठेवलेला असतो. तो ऐकून कोणी फसत नाही, कारण आपण काय ऐकत आहोत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. कोनाड्यात फुलांच्या परडीमागे तो कोणी ठेवलेला नसतो. नक्कल करण्यात दोष नव्हता. शिक्का न मारता ती मूळ म्हणून हातावर ठेवली, यात दोष होता.

दुसरे उत्तर अधिक मोहक होते. आत्यांच्या डोळ्यांतले पाणी तर खरे होते ना? त्यांना त्या क्षणी बालपण भेटले. जे समाधान मिळाले ते खरे असेल, तर त्याच्या कारणाची चौकशी कशाला? शुष्क सत्याने वृद्ध माणसाचे सुख हिरावून घेणे, यात कोणता धर्म? या उत्तराने आम्हांस बरेच दिवस निजू दिले. पण एक गोष्ट खटकत राहिली. आत्यांनी केवळ सुख व्यक्त केले नव्हते, त्यांनी एक विधान केले होते, “काही बदललं नाही.” हे विधान खोटे होते. बदलले होते. भोपळा फुटला होता, आजोबांचा तंबोरा मुका झाला होता. जिच्यापाशी त्याची सर्वांत जुनी आठवण आहे, तिलाच हे कळू नये अशी व्यवस्था आम्ही केली होती. ज्याला शोक करण्याचा हक्क आहे त्याच्यापासून मृत्यूची वार्ता लपवावी, तसे ते होते.

आणि तिसरी बाजू तर आम्ही पाहिलीच नव्हती. ती दिसली इंदूरच्याच एका प्रसिद्ध कन्येमुळे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदूरचा, हे आपण अभिमानाने सांगतो. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातील त्यांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून प्रथम छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे नाव. ऐकणाऱ्यांनी नभोवाणीकडे विचारणा केली, हा आवाज कोणाचा? तेव्हा खरे नाव जाहीर झाले. पडद्यावर ओठ एकीचे आणि आवाज दुसरीचा, यात आज कोणालाही फसवणूक वाटत नाही. कारण दोघींचीही नावे आपल्याला माहीत असतात. तबकडीवरचे नाव तेवढे चुकले होते, आणि त्या चुकीत एका वीस वर्षांच्या मुलीचे श्रम एका काल्पनिक स्त्रीच्या नावे जमा झाले होते.

हे आठवले आणि नातवाच्या प्रश्नाचा दुसरा अर्थ ध्यानात आला. त्याच्या दोन रात्रींच्या जागरणाची मिळकत आम्ही एका फुटक्या भोपळ्याच्या खात्यावर चढवली होती. नामांतरणाच्या प्रकरणात पटवाऱ्याने असे केले असते, तर आम्ही त्याला नोटीस दिली असती. शिवाय नातवाचे काम ही निव्वळ नक्कलही नव्हती. कळ दाबून मिळालेल्या सुराबद्दल दाबणाऱ्याला फारसे काही विचारता येत नाही. पण ज्याने वळसा तीनशेचा का, गाळणी केव्हा मिटावी, हात कोठे रेंगाळावा, हे एकेक ठरवून जोडले, तो त्या सुराबद्दल उत्तर देऊ शकतो. आमच्या समजुतीप्रमाणे एखादी कृती आपली असणे, याचा अर्थ हाच: तिच्याविषयी विचारले असता आपल्याला उत्तर देता यावे. श्रम किती झाले, साधन देशी की विदेशी, लाकडाचे की काचेचे, हे प्रश्न त्यानंतरचे. देवासला कुमार गंधर्वांचा तंबोरा लावण्याविषयीचा कटाक्ष सर्वश्रुत आहे. तेथेही मोल केवळ खुंटी पिळण्याच्या कष्टाचे नव्हते. सूर लागला की नाही याचा निवाडा स्वतःच्या कानाने करण्याचे आणि त्याची जबाबदारी घेण्याचे होते. त्या मानाने आमचा पोर कोठेच नाही. पण वाट तीच आहे.

मकरसंक्रांतीनंतर आम्ही नातवाला घेऊन धारला गेलो. आत्यांना सर्व सांगितले. नातवाने टॅब त्यांच्या पुढ्यात ठेवून सूर सुरू केला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग त्या दिवशी माझे डोळे कशानं भरले रे?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. आता मला काकांचा सूर आठवायला गेलं की हाच आठवेल.” त्यांनी नातवाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला; पण आमच्याशी त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत.

वाचकांपासून आम्ही हे लपवणार नाही की, परतीच्या वाटेवर आम्हांस हलके वाटले नाही. सत्य सांगितले की मन प्रसन्न होते, असे सुभाषितांतून ऐकले होते. तसे काही झाले नाही. सत्याची किंमत आम्ही द्यावयास हवी होती, ती बरीचशी आत्यांना द्यावी लागली. आणि ती का द्यावी लागली, याचे कारण सत्यात नव्हते. पहिल्या रात्रीच्या मौनात होते. भजनापूर्वी चार वाक्यांत सांगितले असते, तर आत्यांनी कदाचित डोळे पुसले नसते. परंतु आजोबांच्या सुराची त्यांची आठवण त्यांच्यापाशी अबाधित राहिली असती. उशिरा दिलेला निकाल न्याय्य असला तरी पक्षकाराचे नुकसान करतो, हे कचेरीत आम्ही अनेकदा पाहिले होते.

माळव्यातील आम्हां मराठी घराण्यांना हा प्रश्न विशेष लागू पडतो, असे आम्हांस वाटते. आमची सारी राहणीच जोडणीची आहे. बोलणे मराठी, त्यात शब्द अर्धे हिंदीचे. सण देशावरचे, चव माळव्याची. कागद हिंदीत, आरती मराठीत. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आमचे काही मूळचे नाही, सारी नक्कल आहे, असा भाव कधी कधी त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. आणि त्या धास्तीने आम्हीही ‘आमच्याकडे काही बदललं नाही’ असे सांगत राहतो. ते खरे नसते. अडीच-तीनशे वर्षांत पुष्कळ बदलले, पुष्कळ फुटले, पुष्कळ नव्याने जोडले गेले. कोणती गोष्ट कोठून आणली आणि कोणती येथे घडवली, हे स्वच्छपणे सांगता आले, तर त्या जोडणीत लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आता ते नाव कोणत्याही गावच्या वाद्याला लावता येणार नाही. ही बातमी वाचून आमच्या मनात प्रथम नोकरीतला शिक्काच आला. त्याच वर्षी आम्ही आजोबांचा तंबोरा मिरजेला दाखवला. भोपळा बदलावा लागेल, जवारी नव्याने काढावी लागेल, असे तेथे सांगण्यात आले. मग सूर चांगला लागेल, पण तो जुना सूर असेल असे सांगता येणार नाही, असेही त्या कारागिराने आपणहून सांगितले. त्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. दुरुस्ती करून घ्यावी की नाही, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीला तंबोरा देवघरात भेग दिसेल असा भिंतीशी टेकवून ठेवला होता. टॅब पाटावर, सर्वांसमोर. भजनापूर्वी आम्ही उठून सांगितले की, तंबोरा मुका झाला आहे, आजचा सूर आमच्या नातवाने जोडलेला आहे, आणि त्याविषयी काही विचारावयाचे असल्यास त्यालाच विचारावे. आरतीनंतर दोन-तीन मुले आणि एक वृद्ध गृहस्थ त्याच्याभोवती बसून तारा कशा जोडतात ते पाहत होते.

धारच्या आत्या आल्या नव्हत्या. प्रकृती बरी नाही, असा निरोप होता. प्रकृती खरोखरच बरी नव्हती. तरी प्रसाद घेऊन नातू आणि आम्ही दुसऱ्या दिवशी धारला गेलो. जाताना टॅब बरोबर घ्यावा का, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, तूच ठरव. त्याने तो घरी ठेवला.